सीतेची आसवे

सीतेची आसवे : (लॅ. यूट्रिक्युलॅरिया पर्प्युरॅसेन्स, कुल – लेंटिब्युलॅरिएसी). पावसाळ्यात पाण्याने पूर्ण भिजलेल्या जांभ्या दगडाच्या पठारांवर उगवणारी ही लहान, वर्षायू (एका वर्षात जीवनक्रम पूर्ण करणारी) व मांसाहारी ओषधी (लहान, नाजूक वनस्पती) होय. तिचा आढळ भारतीय द्वीपकल्पाच्या पश्चिम भागात, विशेषतः सह्याद्रीच्या माथ्यावरील पठारे व कोकण-गोव्यातील सडे येथे आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत तिची जांभळी-निळी फुले एवढ्या मोठ्या संख्येने येतात, की सातारा शहराच्या पश्चिमेस सु. २५ किमी. अंतरावरील कास पठारासारख्या ठिकाणी जमीनच त्या रंगाची दिसते. एकेक रोप मात्र इतके लहान असते, की फुलांचा हंगाम नसताना ते शोधूनही सापडत नाही. भरपूर पाणी आणि पोषणद्रव्यांचे दुर्भिक्ष्य या दोन्ही गोष्टी एकाच जागी असतील तेथेच ही वनस्पती टिकते. यांपैकी एकही नाहीशी झाली तर तिची जागा इतर वनस्पती घेतात. म्हणून तिची माहिती तिच्या अधिवासापासून (नैसर्गिक निवासस्थानापासून) वेगळी करता येत नाही.

नाव व शोध : वनवासातील सीतेचे अश्रू ज्या ठिकाणी पडले तेथे ही फुले उगवली, अशी लोकसमजूत असून तीवरून हे मराठी नाव पडले आहे. ते एकाच जातीपुरते मर्यादित नाही. जांभळ्या-निळ्या फुलांच्या तिच्यासारख्या इतर जातींनाही लोक याच नावाने ओळखतात. प्रजातीचे शास्त्रीय नाव लहान पिशवी अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले असून ते या वनस्पतींच्या सूक्ष्म सापळ्यांना उद्देशून आहे. जातिवाचक नावाचा अर्थ ‘जांभळट होणारी’ असा आहे. यूट्रिक्युलॅरिया ही प्रजाती कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये प्रस्थापित केली. प्रस्तुत जातीची नोंद जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई व तिच्या आसपासच्या वनस्पतींच्या १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीत केली. पीटर टेलर यांनी १९८९ मध्ये या प्रजातीवर व्याप्तिलेख प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी जगभरातील २१४ जाती मान्य केल्या होत्या. पुढील संशोधनाने ही संख्या सु. २४० पर्यंत गेली आहे. मांसाहारी वनस्पतींत ही सर्वांत मोठी प्रजाती आहे.

शारीरिक लक्षणे : या वनस्पतीला खरी मुळे नसतात. पृष्ठभागाच्या लगेच खाली, ओल्या मातीत, केसासारखी बारीक तिरश्चरे (आडवी पसरणारी खोडे) वाढतात. त्यांपासून काही शाखा जमिनीत रुतून आधार देतात, काहींवर अरुंद हिरवी पाने येतात आणि काहींवर सापळे येतात. खोड, मूळ व पान यांतील नेहमीचे भेद येथे इतके पुसट आहेत, की कोणता अवयव कशाचे रूपांतर आहे यासंबंधी वनस्पतिशास्त्रज्ञांत पुष्कळ चर्चा झाली आहे. पाने थोडा काळ टिकतात व फुले येण्याच्या सुमारास बहुधा नाहीशी होतात. फुलोऱ्याचा दांडा बारीक, उभा व सामान्यतः ५–२० सेंमी. उंच असून त्यावर थोडी फुले मंजरीत येतात. संवर्त दोन संदलांचा असून फळ तयार होताना तो वाढतो व फळाला वेढून राहतो. पुष्पमुकुट द्विओष्ठक (दोन ओठांसारखा) असतो. खालचा ओठ मोठा व पसरट असून त्याच्या तळाशी फिकट ठिपका असतो. या ओठामागे खाली वळलेली शुंडिका (पोकळ, टोकदार वाढ) असते व तीत मध साठतो. केसरदले दोन, किंजपुट ऊर्ध्वस्थ व एककप्पी, बीजकविन्यास मुक्तमध्य. फळ बोंड प्रकारचे असून त्यात अतिशय बारीक व पुष्कळ बिया असतात.

सापळे व त्यांचे कार्य : तिरश्चरांवरील व पानांवरील सापळे सु. १ मिमी. लांबीचे, पातळ भित्तीचे, देठ असलेल्या पिशवीसारखे असतात. पिशवीच्या तोंडाशी आत उघडणारे झडपेसारखे दार असते. भित्तीतील ग्रंथी पिशवीतील पाणी सतत बाहेर टाकतात. त्यामुळे आतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो व भित्ती आत ओढल्या जातात. एखाद्या सूक्ष्म प्राण्याच्या स्पर्शाने दार सुटले, की भित्ती झटक्याने पूर्ववत होतात, पाणी आत खेचले जाते व त्याबरोबर प्राणीही आत जातो. नंतर दार मिटते. आतील ग्रंथींतून स्रवणाऱ्या एंझाइमांनी प्राण्याचे पचन होते व त्यातील नायट्रोजन, फॉस्फरस इ. द्रव्ये वनस्पती शोषून घेते. पाण्यात वाढणाऱ्या जातींवर २०११ मध्ये केलेल्या अतिशीघ्र छायाचित्रणाने असे दिसून आले, की ही खेचण्याची क्रिया एका सेकंदाच्या सहस्रांशापेक्षाही कमी वेळात पूर्ण होते. वनस्पतिसृष्टीतील अत्यंत जलद हालचालींत तिची गणना होते. सापळा पुन्हा सज्ज होण्यास सामान्यतः १५ ते ३० मिनिटे लागतात.

चार्ल्स डार्विन यांनी मांसाहारी वनस्पतींवरील आपल्या १८७५ च्या ग्रंथात या प्रजातीचा तपशीलवार अभ्यास दिला आहे. परंतु प्राणी स्वतःच दार ढकलून आत शिरतात असे त्यांचे मत होते. दाबातील फरक व चूषण यांचा खुलासा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला आणि फ्रान्सिस लॉइड यांच्या १९४२ च्या ग्रंथात तो सविस्तर आला.

जमिनीवर वाढणाऱ्या जातींच्या बाबतीत या यंत्रणेतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. सापळ्याच्या आत व बाहेर पाणी असेल तरच तो चालतो. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरलेल्या असताना त्यांतून फिरणारे आदिजीव, सूत्रकृमी, चक्रधर प्राणी (रोटिफर) व अतिसूक्ष्म कवचधारी हे या वनस्पतीचे भक्ष्य होय. माती सुकून त्या पोकळ्यांत हवा शिरली, की भक्ष्याची हालचाल थांबते व सापळाही निरुपयोगी होतो. पाणी बाहेर टाकण्यासाठी वनस्पतीला सतत ऊर्जा खर्चावी लागते. ज्या जमिनीत मुळांनी सहज शोषता येतील अशी पोषणद्रव्ये असतात, तेथे हा खर्च परवडत नाही व मुळे असलेल्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती तिच्यावर मात करतात. प्रकाश मुबलक, पाणी मुबलक, पण माती निकृष्ट अशाच ठिकाणी मांसाहाराचा खटाटोप फायद्याचा ठरतो.

अधिवास : ही तिन्ही लक्षणे जांभ्याच्या पठारांवर एकत्र आढळतात. दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडक सु. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यांच्या थरांपासून बनला आहे. उष्ण हवामान व आलटून पालटून येणारे ओले-कोरडे ऋतू यांमुळे या खडकाचे दीर्घकाळ विदारण (हवा-पाण्यामुळे होणारा अपक्षय) झाले. त्यातील सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम ही द्रव्ये पाण्याबरोबर वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरली. हवेत उघडी पडल्यावर ती घट्ट होऊन सच्छिद्र, तांबूस, कठीण कवच तयार झाले, हाच जांभा. फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी केरळातील अशा दगडाला १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. सह्याद्रीच्या माथ्यावर सु. १,००० मी. व त्याहून अधिक उंचीवर, तसेच कोकणपट्टीत समुद्राजवळ कमी उंचीवर असे जांभ्याचे सपाट विस्तार आहेत. कोकणात त्यांना सडा किंवा कातळ म्हणतात. कास पठाराची उंची सु. १,२०० मी. आहे.

या पठारांवर मातीचा थर काही मिलिमीटरांपासून काही सेंटिमीटरांपर्यंतच असतो. ती माती आम्लधर्मी असून तीत नायट्रोजन, फॉस्फरस व कॅल्शियम अल्प असतात. उन्हाळ्यात उघडा खडक अतिशय तापतो आणि वरची माती पिठासारखी कोरडी होते. जूनमध्ये नैर्ऋत्य मॉन्सूनचा पाऊस सुरू झाल्यावर चित्र पालटते. जमीन जवळजवळ सपाट असल्याने पाणी लगेच वाहून जात नाही. ते खळग्यांत साचते व उरलेले पातळ पापुद्र्यासारखे खडकावरून हळूहळू सरकत राहते. ढग व धुके यांमुळे बाष्पीभवन कमी होते. अशा तऱ्हेने सु. चार महिने टिकणारी पाणथळ भूमी तयार होते. १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे झालेल्या पाणथळ भूमीविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत कायम पाण्याबरोबर तात्पुरत्या पाण्याच्या जागांचाही समावेश आहे. तथापि वर्षातील आठ महिने कोरड्या दिसणाऱ्या या जागा पाणथळ म्हणून क्वचितच ओळखल्या जातात. २०११ च्या राष्ट्रीय पाणथळ भूमी नकाशासंग्रहात २·२५ हेक्टरांपेक्षा लहान जागा केवळ बिंदूंनी दाखविलेल्या आहेत.

जांभ्याच्या कवचातून झिरपणारे काही पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते व पठाराच्या कडांना झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. उतारावरील व पायथ्याच्या अनेक वाड्यावस्त्यांना अशा झऱ्यांचा आधार असतो. फुलांना लागणारा पाण्याचा पापुद्रा आणि गावाच्या झऱ्याचे पाणी ही एकाच जलव्यवस्थेची दोन अंगे आहेत.

सहवासी वनस्पती : मातीची खोली व पाणी साचण्याचा काळ यांनुसार पठारावर वनस्पतींचे पट्टे पडतात. उघड्या खडकावर नील-हरित सूक्ष्मजीव, दगडफूल व शेवाळी असतात. मातीच्या पातळ, सदैव ओल्या थरावर सीतेची आसवे वाढते. तिच्याबरोबर पांढऱ्या गोंड्यांचे गेंद (एरिओकॉलॉन प्रजातीतील जाती) आणि चिकट थेंबांनी कीटक पकडणारे दवबिंदू (ड्रॉसेरा) हेही आढळतात. एकाच जागी दोन भिन्न पद्धतींनी भक्ष्य मिळविणाऱ्या वनस्पती असणे हेच त्या मातीच्या निकृष्टतेचे गमक होय. जेथे पाणी साचून राहते अशा उथळ डबक्यांत वायतुरा (ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस) ही १९८२ मध्ये विज्ञानाला परिचित झालेली व फक्त सह्याद्रीच्या उत्तर भागातील थोड्या पठारांवर आढळणारी वनस्पती असते. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या दुभंगलेल्या तुऱ्यामुळे तिला हे नाव मिळाले. मोठ्या तळ्यांत कुमुदिनी असते. माती किंचित खोल असेल तेथे तेरडा, सोनकी, कवला व विविध गवते वाढतात. या पट्ट्यांमधील अंतर कित्येकदा एका पावलाएवढेच असते. साहजिकच मातीच्या खोलीत दोन बोटांचा फरक पडला तरी तेथील वनस्पतिसमूह बदलतो.

जीवनक्रम व परागण : पहिल्या पावसानंतर मातीतील बिया रुजतात. जुलैच्या संततधारेत वनस्पतीची वाढ जमिनीखालीच होते व याच काळात सापळ्यांचे काम जोरात चालते. पावसाचा जोर ओसरून अधूनमधून ऊन पडू लागले, की फुलोऱ्याचे दांडे वर येतात. फुले पुष्कळ दिवस टिकतात. या प्रजातीच्या पश्चिम घाटातील तीन जातींविषयी, प्रस्तुत जातीसह, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधमाश्या, एकेकट्या राहणाऱ्या लहान माश्या व फुलपाखरे फुलांना भेट देत असल्याचे आढळले. स्वपरागाने बीज धरण्याची क्षमताही या जातींत आहे. परंतु केसर व किंजल्क यांच्या मांडणीमुळे कीटकांच्या साहाय्याशिवाय ती जवळजवळ उपयोगी पडत नाही.  परागण करणारे कीटक हवेत व भक्ष्य होणारे प्राणी मातीत असल्याने आपल्याच साहाय्यकाला गिळण्याचा प्रसंग या वनस्पतीवर येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात माती सुकू लागताच रोपे वाळतात, बोंडे फुटतात व बिया मातीत पडून पुढील पावसाची वाट पाहतात.

संबंधित जाती : महाराष्ट्रात या प्रजातीच्या इतर अनेक जाती आहेत. यू. रेटिक्युलेटा हिची फुले मोठी, जाळीदार शिरांची असून दांडा बहुधा आजूबाजूच्या गवताभोवती वेटोळे घेतो. ती भातखाचरांतही आढळते. यू. अल्बोसीरूलिया हिच्या फुलांत निळा व पांढरा हे दोन्ही रंग असतात. यू. स्ट्रिॲट्युला ही अतिशय लहान पांढरट फुलांची जाती ओल्या कड्यांवर व शेवाळलेल्या झाडांच्या खोडांवर वाढते. यू. प्रेटेरिटा हिची फुले पिवळी असतात. यू. ऑरिया व यू. स्टेलॅरिस या तळ्यांत तरंगणाऱ्या जाती असून त्यांचे सापळे पाण्यात लोंबणाऱ्या, बारीक विभागलेल्या पानांवर असतात.

अधिवासावरील संकटे : सीतेची आसवे ही जाती संख्येने दुर्मिळ नाही, संकट आहे ते तिच्या अधिवासाला. या पठारांवर पीक येत नसल्याने महसुली दप्तरात त्यांची गणना पडीक किंवा पोटखराब जमिनीत होते व देशातील पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहांत खडकाळ, नापीक जमिनीचा स्वतंत्र वर्ग आहे. निरुपयोगी समजली गेलेली जमीन उपयोगात आणणे हे सुधारणेचे काम मानले जाते आणि तेथूनच हानीला सुरुवात होते. कोल्हापूर जिल्ह्यातील काही पठारांवर बॉक्साइटासाठी खाणकाम झाले. कोकणात चिऱ्यांच्या खाणींसाठी सडे खोदले जातात. रोजगार हमी योजनेशी निगडित फलोद्यान योजना राज्यात १९९० पासून सुरू झाल्यावर कातळाला सुरुंग लावून खड्डे करणे व बाहेरून आणलेली माती भरून आंबा-काजूची कलमे लावणे ही पद्धत कोकणात मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी, वनकुसवडे या भागांतील पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांच्या पायाइतकाच परिणाम त्यांच्याकडे जाणाऱ्या रस्त्यांचा होतो. कारण रस्त्याचा भराव पाण्याचा संथ प्रवाह एका बाजूस अडवितो व दुसऱ्या बाजूस तोडतो. परिणामी एकीकडे डबके व दुसरीकडे कोरडी जमीन होते आणि दोन्हीकडचा मूळ वनस्पतिसमूह नष्ट होतो.

वनीकरणाच्या हेतूने अशा पठारांवर झाडे लावणे हेही याच कारणाने अहितकारक आहे. खड्डे, आणलेली माती, खत व सावली यांमुळे जमीन ‘सुधारते’. पण त्या सुधारलेल्या जमिनीवर उंच गवत व तण वाढते. उन्हात वाढणाऱ्या व निकृष्ट मातीला सरावलेल्या लहान ओषधी त्याखाली गुदमरतात. एकदा फोडलेले जांभ्याचे कवच मानवी कालमानात पुन्हा तयार होत नाही.

पर्यटनाचे संकट निराळे आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार स्थळे आहेत. त्यानंतर कास येथे फुलांच्या हंगामात प्रचंड गर्दी होऊ लागली. ही वनस्पती ओल्या मातीच्या वरच्या थरातच वाढत असल्याने पायाखाली माती दबली, की तिरश्चरे तुटतात, मातीतील पाण्याने भरलेल्या पोकळ्या मिटतात व पायवाटेवर पुढील वर्षीही ती नीट उगवत नाही. फुलांमध्ये बसून छायाचित्र काढणाऱ्याला मोडलेली फुले दिसतात. त्याखालील नुकसान दिसत नाही.

संरक्षण : कास पठारावर वनखात्याने परिसरातील गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांच्या साहाय्याने प्रवेशशुल्क, पर्यटकांच्या दैनंदिन संख्येवर मर्यादा व आखलेल्या वाटा असे उपाय योजले. काही भागांभोवती जाळीचे कुंपणही घालण्यात आले होते. त्यातून एक नवा प्रश्न पुढे आला. या पठारांवर पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरत आली आहेत. बेताच्या चराईने गवत खुजे राहते व लहान ओषधींना प्रकाश मिळतो. चराई पूर्ण बंद झाल्यास खोल मातीच्या पट्ट्यातील उंच गवत पुढे सरकण्याचा संभव असतो. उलट अति चराईने माती तुडविली जाते व शेणातील नायट्रोजनाने तणांस वाव मिळतो. म्हणून किती गुरे, कोणत्या महिन्यात व कोणत्या भागात, हे स्थानिक गुराख्यांच्या अनुभवाच्या आधारे ठरविणे इष्ट आहे.

कासला मिळालेले संरक्षण इतर बहुतेक पठारांना व कोकणातील सड्यांना लाभलेले नाही. त्यांपैकी पुष्कळ जमीन खाजगी वा सामाईक मालकीची आहे व तेथे फुले पाहण्यास येणारेही थोडे आहेत. या वनस्पतीची लागवड उद्यानांत करून अधिवासाची उणीव भरून निघणार नाही. कारण कुंडीत तिचे रोप जगविता आले, तरी सपाट कातळ, त्यावरील पाण्याचा पापुद्रा, निकृष्ट माती, सूक्ष्म प्राणी, परागण करणारे कीटक व पायथ्याचा झरा यांची सांगड कुंडीत घालता येत नाही. संरक्षणाचे एकक रोप नसून पठार, आणि त्याच्या कडेपर्यंत वाहणारे पाणी हे आहे. पठारावर रस्ता, खाण वा लागवड यांस परवानगी देण्यापूर्वी त्याची पाहणी उन्हाळ्यात न करता पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरात करणे ही त्या दृष्टीने सर्वांत साधी व आवश्यक गोष्ट होय. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला तेथे केवळ उघडा खडक दिसतो.